टाकी रविवारी आली, मासे गुरुवारी गेले

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की पहिल्यांदा फिश टँक घेताय किंवा घेऊन फसलाय तर प्रश्न पाठवा, तर एवढे आलेत की मला दोन दिवस तेच वाचत बसावं लागलं. त्यात निम्म्याहून जास्त जणांचा प्रश्न खरं म्हणजे एकच आहे, गाव वेगळं आणि मेलेल्या माशांचा आकडा वेगळा. म्हणून पहिल्या प्रश्नाला ऐसपैस जागा देतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न : दादा, मुलाच्या वाढदिवसाला दीड फुटाची टाकी घेतली. रविवारी सगळं एकदमच आणलं, फिल्टर, लाइट, रंगीत खडी, प्लास्टिकची झाडं आणि सहा गोल्डफिश. दुकानदार म्हणाला पाणी भरा, हे थेंब टाका, अर्ध्या तासाने मासे सोडा. बुधवारी पाणी दुधाळ दिसायला लागलं म्हणून मी सगळं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज नळाखाली घासून धुतला, खडीही धुतली. गुरुवारी सकाळी चार गेलेले, संध्याकाळी उरलेले दोन. पाणी तर काचेसारखं स्वच्छ होतं हो, मग चुकलं काय? मुलगा अजून त्या टाकीकडे बघत नाही. – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, माझी पहिली टाकी पण अशीच गेली. कॉलेजात होतो, पुण्यात सदाशिव पेठेतल्या खोलीत, आणि मी तर तुमच्यापेक्षा हुशार, मी दर दोन दिवसांनी सगळं पाणी बदलायचो आणि वर मित्रांना सांगायचो की बघा किती स्वच्छता ठेवतो. आठ दिवसात टाकी रिकामी. तेव्हा खापर दुकानदारावर फोडलं. त्याची चूक होतीच, पण अर्धी.

झालं काय ते बघा. मासा खातो आणि त्याच पाण्यात सगळं सोडतो, शी तर आहेच पण त्याहून महत्त्वाचा म्हणजे अमोनिया, तो बराचसा त्याच्या कल्ल्यांतूनच बाहेर पडत असतो, चोवीस तास. उरलेलं खाणं कुजतं त्याचाही अमोनिया होतो. नदीत, तळ्यात पाणी अफाट असतं म्हणून तो पातळ होऊन जातो, तुमच्या दीड फुटी टाकीत फार तर चाळीस-बेचाळीस लिटर पाणी आणि त्यात सहा गोल्डफिश, म्हणजे एका खोलीत सहा माणसं कोंडून दारं-खिडक्या लावून घेतल्यासारखं. आणि अमोनियाला रंग नाही, मासा मरण्याइतका झाला तरी आपल्या नाकाला वास येत नाही. म्हणून पाणी काचेसारखं दिसत होतं. स्वच्छ दिसणारं पाणी आणि माशाला चालणारं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग लोकांच्या टाक्यांत मासे वर्षानुवर्षं जगतात कसे? तर तिथे बॅक्टेरिया असतात. एक जात अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करते, ते पण विषारीच, माशाच्या रक्तातून ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच ते काढून घेतं. दुसरी जात त्या नायट्राइटचं नायट्रेट करते, ते त्यामानाने बरंच सौम्य, आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं, झाडं पण खातात. हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नाहीत, ते चिकटून राहतात, स्पंजला, खडीला, काचेला. नव्या टाकीत ते नसतातच जवळजवळ. त्यांची वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, कारण हे फार सावकाश वाढणारे जीव आहेत.

दुधाळ पाणी झालं ते वेगळ्या बॅक्टेरियांमुळे, नव्या टाकीत दोन-चार दिवसांनी बहुतेक होतंच, हात न लावता आपोआप जातं. तुम्ही तेव्हा सगळं पाणी बदललं, त्याने अमोनिया खरं तर कमी झाला असता, पण नळाचं ताजं पाणी म्हणजे महापालिकेचं क्लोरिन, ते माशाच्या कल्ल्यांना भाजतं, आणि त्याच नळाखाली स्पंज धुतला म्हणजे जी काही चार बॅक्टेरियांची बिऱ्हाडं आली असतील ती पण गेली. वर तापमान एकदम बदललं तो धक्का वेगळा. दुकानदाराने दिलेले ते क्लोरिन मारायचे थेंब दुसऱ्यांदा टाकले होते का, ते तुम्ही लिहिलं नाहीये, बहुतेक नसावेत.

आपल्याकडे हे समजवायला सोपं आहे कारण आपण दही लावतो. नुसतं दूध ठेवून दही होत नाही, विरजण लागतं, ऊब लागते, आणि रात्रभर भांडं हलवायचं नसतं. टाकीचं तसंच, फक्त रात्र एक महिन्याची. आणि विरजण शेजारून आणता येतं! ओळखीत कुणाची वर्षभर जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला एक मळका स्पंज मागून आणा, न धुता, त्यांच्याच पाण्यात बुडवून, पिशवीत, आणि आणल्याबरोबर तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. महिन्याचं काम एखाद्या आठवड्यावर येऊ शकतं. बाटलीतले बॅक्टेरिया पण मिळतात दुकानात, काही बरे असतात काही नुसतं पाणी, पण त्याच्या भरवशावर त्याच दिवशी मासे सोडू नका.

विरजण नाही मिळालं तर माशांशिवायच टाकी चालू करायची. पाणी भरायचं, क्लोरिन मारायचं, फिल्टर चोवीस तास चालू, आणि रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं, जणू मासे आहेत असं समजून. ते कुजून अमोनिया होतो आणि बॅक्टेरियांना जेवण मिळतं. सोललेल्या कोळंबीचा तुकडा पातळ कापडात बांधून टाकला तरी होतं, पण चाळीत राहत असाल तर वासाचं तुमचं तुम्ही बघा. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंबवाले किट मिळतात, ते घ्याच, रंगीत खडीचे पैसे वाचवून घ्या. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं, मग ते पण उतरतं. खाणं टाकत असूनही दोन्ही सलग काही दिवस शून्य दाखवायला लागले की टाकी तयार, अर्धं पाणी बदला आणि मग मासे, ते पण तीन-चार.

मुलाला किट हातात द्या ताई. रोज संध्याकाळी थेंब टाकून रंग बघायचा आणि कॅलेंडरवर आकडा लिहायचा. आणि एक, गोल्डफिश परत नको त्या टाकीत. तो वीतभर वाढणारा मासा आहे आणि नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं जगतो, त्याला ही टाकी बालवाडीसुद्धा नाही.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांना कुणीतरी सांगितलंय की घरात आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ मासे ठेवावेत, वास्तूला चांगलं. त्यांना गोल्डफिशच हवेत. टाकी दोन बाय एक बाय एक फूट. त्यांना नाही म्हणता येत नाही. – एक सूनबाई, सातारा

उत्तर : नाही म्हणूच नका. दोन बाय एक बाय एक म्हणजे काठोकाठ छप्पन लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा धरली तर पन्नासच्या आसपास. त्यात नऊ गोल्डफिश म्हणजे डोंबिवलीच्या ताईंचंच पुढचं पान होईल. आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळा मॉली घ्या. रंग जुळला, आकडा जुळला, प्लॅटी दोन इंचांच्या पुढे फारसा जात नाही, आणि दोघांनाही आपल्याकडचं जरा कठीण पाणी मानवतं. फक्त सगळे नर घ्या, पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो तो नर, मादीचा पंख्यासारखा. नाहीतर आठाचे अठ्ठावीस होतील आणि मग वास्तुशास्त्रात त्याचं काय फळ आहे ते मला माहीत नाही. नऊच्या नऊ एकदम आणू नका, तीन-तीन करून, मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या. सासऱ्यांना सांगा मुहूर्त बघूनच आणतोय.

टाकी कशावर ठेवणार हे तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, पाणी, काच, खडी धरून सत्तर-ऐंशी किलो होतं. टीव्हीच्या प्लायवूडच्या युनिटवर नको. भक्कम टेबल, खाली थर्माकोलची शीट म्हणजे खालचा बारीक उंच-सखलपणा काचेवर येत नाही.

प्रश्न : घरी आरओ आहे, टीडीएस ३५ येतो. बोअरचा ९०० च्या पुढे. माशांसाठी आरओचंच पाणी वापरतोय, तरी मासे सुस्त आहेत आणि एक-एक करून जातायत. एवढं शुद्ध पाणी देऊन? – छत्रपती संभाजीनगर

उत्तर : तेच तर. एवढं शुद्ध पाणी देऊन. आरओ पाण्यातले क्षार काढून टाकतं, त्यात कार्बोनेट पण जातात, आणि कार्बोनेटच पाण्याचा पीएच धरून ठेवत असतात. वर सांगितलेले बॅक्टेरिया काम करताना पाणी हळूहळू आम्लधर्मी करतात, कार्बोनेट असतील तर ते ही आम्लता झेलतात, नसतील तर पीएच एक दिवस धाडकन खाली येतो, सहाच्या खाली गेला की बॅक्टेरियांचंही काम मंदावतं. टीडीएसच्या मीटरवर लोकांचा फार जीव असतो पण तो मीटर फक्त विरघळलेलं एकूण किती ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही. अमोनिया त्याला दिसत नाही.

बोअरचं पाणी बादलीत रात्रभर एअर स्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) लावून ठेवा आणि तेच वापरा, वाटलं तर अर्धं आरओ मिसळा, पण प्रमाण दर वेळी तेच ठेवा. गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतील. निऑन टेट्रासारख्यांना मऊ पाणी आवडतं, त्यांचा नाद तूर्त सोडा. शेतीचा भाग असेल तर बोअरच्या पाण्यात नायट्रेट आधीच असू शकतं, एकदा तपासून घ्या. बदल एकदम करू नका हं, आज आरओ उद्या बोअर असं केलंत तर उरलेले पण जातील, रोज थोडं-थोडं.

प्रश्न : महापालिकेचे लोक डासांसाठी गप्पी मासे सोडतात ते फुकट मिळाले तर टाकीत चालतील का? – इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे

उत्तर : चालतील, आणि काटक पण असतात, दुकानातल्या लांब शेपटीवाल्यांपेक्षा किती तरी. दिसायला मात्र मळकट, नराच्या अंगावर एखादा ठिपका असतो रंगाचा. पण हौदातून किंवा साचलेल्या पाण्यातून आणलेले मासे रोग, जंत बरोबर आणू शकतात म्हणून सुरुवातीला वेगळ्या टबात दोन-तीन आठवडे ठेवा. माद्या आणल्यास तर महिन्याभरात पिल्लं, आणि नर काढून टाकला तरी पुढे काही महिने पिल्लं येतच राहतात कारण मादी बी साठवून ठेवते. होस्टेलवर राहतोस असं लिहिलंयस, तर विचार करून आण. आणि पिल्लं जास्त झाली म्हणून ओढ्यात सोडायची नाहीत, गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेकडचा आहे, आपल्या ओढ्यांतल्या माशांचं खाणं आणि जागा तो खातो.

आपलेच मासे हवे असतील तर झेब्रा दानियो बघ. अंगावर निळे पट्टे, दिवसभर टाकीभर पळापळ, आणि भारतीय उपखंडातल्या ओढ्यांतलाच मासा. सहाचा घोळका, दोन फुटी टाकी, झाकण मात्र हवं, उड्या मारतो.

प्रश्न : फायटर मासा बाउलमध्ये टेबलावर ठेवला तर चालतो ना? दुकानात तर ग्लासात असतात. – ठाणे

उत्तर : दुकानात ग्लासात असतात कारण दोन नर एकत्र आले की एकमेकांना फाडतात, आणि वरून हवा घेता येते म्हणून तेवढ्यात तग धरतात. तग धरणं आणि जगणं वेगळं. वीस लिटर, झाकण, हळू वाहणारा स्पंज फिल्टर, २५-२६ डिग्री, एकटा. बस. नवशिक्यासाठी याच्याइतका चांगला मासा नाही, बाउलमध्ये मात्र नको.

प्रश्न : काचेवर शेवाळ फार येतंय. दुकानदाराने टँक क्लीनर म्हणून एक सकर दिला, तो आता सहा इंच झालाय आणि शेवाळ आहे तिथेच आहे, उलट शी किती करतो! याला नदीत सोडू का? – कराड

उत्तर : सोडू नका. अजिबात, कृपा करून. हा मासा फुटाच्या वर वाढतो, अंगावर चिलखत असतं त्यामुळे त्याला खाणारं आपल्या नद्यांत फारसं कुणी नाही, मच्छीमारांच्या जाळ्यात अडकून जाळी फाडतो, आणि देशात ठिकठिकाणी नद्या-तलावांत हे होऊन बसलंय, ते सगळे कुणाच्या तरी घरच्या टाकीतूनच किंवा मासे पाळायच्या तळ्यांतूनच सुटलेत. मोठी टाकी असलेला कुणी शोधा किंवा दुकानात परत द्या, पैसे मागू नका.

आणि शेवाळ मासा टाकून जात नाही हो. लाइट किती तास असतो? माझा अंदाज सकाळपासून रात्री झोपेपर्यंत. सहा ते आठ तास करा, टायमर लावा, खिडकीचं ऊन थेट येत असेल तर टाकी हलवा. खाणं कमी करा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून एकदा. आणि वेगाने वाढणारी खरी झाडं लावा, शेवाळाचं जेवण ती पळवतात. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला आपल्या तळ्यांतच उगवणारी झाडं आहेत, दुकानात ती पैसे देऊन मिळतात ही गंमत. एक गोष्ट आठवली म्हणून सांगतो, १८५० च्या सुमारास लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या केमिस्टने मासे-झाडं एकत्र ठेवून टाकी पाणी न बदलता चालते का ते बघितलं होतं, त्यात दोन छोटे गोल्डफिश आणि हेच व्हॅलिस्नेरिया. थोड्या दिवसांत झाडाची पानं सडायला लागली, पाणी बिघडलं, मग त्याने त्यात गोगलगायी टाकल्या, त्यांनी सडकं खाल्लं आणि गाडी रुळावर आली. आज आपण ज्याला ॲक्वेरियम म्हणतो त्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांतला हा एक. म्हणजे टाकीत काही सडत राहिलं की पाणी बिघडतं हे तेव्हापासून ठरलेलं आहे.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट तीन-चार तास जाते आणि घरात ४० च्या वर. टाकी ठेवावी का? – वर्धा जिल्हा

उत्तर : ठेवा, पण आधी तयारी. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि माशाला मात्र गरम पाण्यात जास्त लागतो, म्हणून दुपारी लाइट गेली की मासे वर तोंड काढून धापा टाकतात. एअर पंप आणि स्पंज फिल्टर घ्या, तो चार-पाच वॅट खातो, घरच्या इन्व्हर्टरवर रात्रभर चालेल, नाहीतर सेलवर चालणारे पंप मिळतात. काहीच नसेल तर तांब्याने पाणी घेऊन वीतभर वरून परत ओतत राहायचं, दर दहा मिनिटांनी, घरातल्या पोरांना लावा कामाला.

थंड करायला झाकण काढून पाण्यावर पंखा लावा, माठ जसा गार होतो तसंच, दोन-तीन डिग्री उतरतात. मासे उडी मारणारे असतील तर वर जाळी टाका. पाणी उडून जाईल त्याची भर घालावी लागते, पण ती भर म्हणजे पाणी बदलणं नव्हे, उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, आठवड्याचं वीस-पंचवीस टक्के बदलणं आहेच. बर्फ थेट टाकू नका.

आणि हे महत्त्वाचं, एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर लाइट गेल्यावर नळीतून पाणी उलटं पंपात येतं, तिथून बोर्डावर. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, अगदी किरकोळ किमतीचा असतो. वायर बोर्डात जायच्या आधी खाली झोळ द्या म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये नाही. टाकीत हात घालायच्या आधी सगळी बटणं बंद. हीटर असेल तर तो तसाच गरम असताना पाण्याबाहेर काढू नका, काच तडकते, बंद करून पंधरा मिनिटं थांबा.

प्रश्न : गणपतीला सात दिवस कोकणात जातोय. शेजारच्या काकूंना खाणं घालायला सांगू का? मासे उपाशी राहतील म्हणून बायको जायला तयार नाही. – भांडुप

उत्तर : वहिनींना सांगा मोठे निरोगी मासे सात दिवस खाण्याशिवाय आरामात राहतात. अगदी छोटी पिल्लं असतील तर वेगळं. जायच्या दोन दिवस आधी पाव पाणी बदला, लाइट टायमरवर, फिल्टर चालू, पाणी काठापर्यंत भरून ठेवा. जायच्या आदल्या रात्री "चार दिवसांचं एकदम" म्हणून जास्त खाणं टाकू नका, तिथेच घात होतो.

काकूंना सांगायचंच असेल तर कागदाच्या पुड्या करून ठेवा, एकेका पुडीत चिमूटभर, दोनच पुड्या, तारीख घालून, आणि खाण्याचा डबा कुलपात. काकू प्रेमळ असतात. मासा काचेजवळ येऊन तोंड उघडतो तेव्हा त्यांना वाटतं बिचारा भुकेला आहे, आणि माझ्या स्वतःच्या अशाच एका प्रेमळ काकूंनी तीन दिवसांत अख्खी डबी संपवली होती, मी आल्यावर म्हणाल्या, छान खातात हो तुझे मासे.